जुन्या साड्या, खण, धोतरं : निवडणं, धुणं आणि शिवणं (चर्चेचा धागा; प्रत्येक पोस्टच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

काठपदर

जुनी साडी हातात आली की "यातून काय शिवू?" हा प्रश्न लगेच डोक्यात येतो. तो जरा बाजूला ठेवा. कापड किती ताण सोसेल ते आधी बघा, काय शिवायचं ते त्यावरूनच ठरतं. सुंदर काठ बघून कुर्ता बेतला आणि तिसऱ्या धुण्याला पाठीत उभी चीर गेली, असं होतं ते हा क्रम उलटा झाल्यामुळे.

साडी खिडकीशी धरा आणि हातहातभर पुढे सरकवत न्या. विरलेली जागा उजेडात जाळीसारखी दिसते. नऊवारीत बसण्याची जागा, काष्टा ओढून मागे खोचला जातो तो भाग आणि कमरेची गाठ, या तीन जागा हमखास जातात. सहावारीत टाचेशी घासणारा खालचा काठ आणि खांद्यावर पिन टोचलेली जागा बघा.

मग ताणून बघा. दोन्ही मुठींत कापड चार बोटांच्या अंतरानं धरा, अंगठे एकमेकांना टेकवा आणि अंगठे वर उचलत हळूहळू ओढ द्या. एकदा उभ्या धाग्यावर, एकदा आडव्या धाग्यावर. बारीक 'चर्र' ऐकू आलं तर आतले धागे तुटतायत, चीर दिसली नाही तरीही. हे मधल्या चांगल्या भागात एकदा करून थांबू नका. घडीवर, काठाच्या आत बोटभर आणि पदराच्या सुरुवातीला वेगवेगळं करा.

दोन्हीकडे ओढ सोसणारं कापड अंगावरच्या कपड्याला चालतं. एका दिशेला कमजोर असेल तर सैल कपडा, अस्तर लावून. दोन्हीकडे 'चर्र' करत असेल तर गोधडीच्या आतला थर. त्याहून वाईट असेल तर फक्त काठ आणि पदर वाचवायचे.

विकत घेताना हे सगळं दुकानातच करा. विकणारा घाई करत असेल तरी घडी पूर्ण उलगडल्याशिवाय साडी घेऊ नका. वरची घडी नेहमी चांगलीच असते.

धोटा

यात धाग्याची ओळख जोडतो, कारण धुण्यापासून सुईपर्यंत सगळं त्यावर अवलंबून आहे.

आतल्या बाजूनं उभा एक आणि आडवा एक धागा काढा. दोन्ही वेगळे तपासायचे. बहुतेक इरकलमध्ये अंग सुती आणि काठ-पदर रेशमी असतो, म्हणून काठाचा तिसरा धागाही घ्या. चिमट्यात धरून मेणबत्तीवर जाळा, खाली पाण्याची बशी ठेवा. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राखाडी राख उरते. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो, ज्योतीपासून दूर नेलं की ते विझत जातं, आणि टोकाला काळा मणी उरतो, पण तो बोटांत चुरडतो. पॉलिएस्टर वितळून आक्रसतं, त्याचा मणी कडक असतो, चुरडत नाही. टेरिकॉटमध्ये, म्हणजे सूत आणि पॉलिएस्टरच्या मिश्रणात, कागदाचा वासही येतो आणि कडक गाठही उरते.

फसवणारं कापड म्हणजे जुनं आर्ट सिल्क, म्हणजे रेयॉन. दिसतं रेशमासारखं, जळतं सुतासारखं. सूत आणि रेयॉन वेगळं करायला धागा मधोमध ओला करून ओढा. रेयॉन ओल्या जागी पटकन तुटतं, सूत ओलं झाल्यावर उलट अधिक ताकद धरतं. म्हणूनच जुनी आर्ट सिल्कची साडी पाण्यातून कधी लोंबकळत उचलू नका. स्वतःच्या ओल्या वजनानंच ती फाटते.

सुईदोरा

जुनी काळी चंद्रकळा दिसायला धडधाकट आहे, उजेडात जाळी नाही. पण ओढली की कागदासारखी फाटते. असं का होतं?

रंगारी

काळ्या सुती कापडाचं हे जुनं दुखणं आहे. स्वस्त पक्का काळा म्हणून सल्फर ब्लॅक हा गंधकी रंग सुतावर खूप वापरला गेला. त्यातलं सुटं गंधक दमट हवेत वर्षानुवर्षं राहून हळूहळू आम्ल तयार करतं आणि ते आम्ल सुताचा धागा आतून खातं. रंग जसाच्या तसा राहतो, जीव जातो. प्रत्येक काळं कापड या रंगाचं नसतं, पण काळ्या सुतीची ओढ मी म्हणेन दुप्पट ठिकाणी तपासा.

अजून ताकद असलेली काळी सुती साडी असेल तर साध्या पाण्यात दोनदा भिजवून काढा. मग ५ लिटर पाण्यात १ मोठा चमचा खाण्याचा सोडा घालून अर्धा तास ठेवा आणि पुन्हा स्वच्छ पाण्यातून काढा. आम्ल मारलं जातं. झालेली इजा भरून येत नाही, पुढची थांबते. हा सोडा फक्त सुतीसाठी. रेशमाला अल्कली सोसत नाही, तिथं हे करू नका.

तुमच्या चंद्रकळेचं अंग शिवायला घेऊ नका. काठ वेगळ्या धाग्याचे असतील तर ते काढून घ्या.

हाताच्या छपाईच्या कापडातही हाच धडा आहे. लोखंडापासून केलेल्या काळ्या रंगानं काढलेल्या रेघा सगळ्यात आधी कुजतात आणि फुलाची बाह्यरेषा कापून काढल्यासारखी पडते. असं कापड मलमलीवर बसवल्याशिवाय मशीनखाली घालू नये.

रिठेवाली

धुण्याबद्दल लिहिते. आणल्या आणल्या धुवा, शिवल्यावर नाही. पहिल्या धुण्यात सुती अंग आटतं, रेशमी काठ किंवा जरी तितकी आटत नाही, आणि काठाला झोळ पडतो. शिवलेल्या कपड्यात तो झोळ निघत नाही, न शिवलेल्या साडीत इस्त्रीनं बराच सावरता येतो.

त्याआधी फॉल काढून टाका. जुना सुती फॉल वेगळाच आटलेला असतो आणि त्याच्याखाली धुळीची रेघ साचलेली असते. टाके एका बाजूनं दर चौथा कापायचा आणि दुसऱ्या बाजूनं दोरा ओढून काढायचा. घाईनं फॉल ओढलात तर काठाचे धागे त्याच्याबरोबर येतात. फॉलखालचा पट्टा उन्हात न विटलेला असतो, म्हणून साडीचा मूळ रंग तिथं कळतो.

सुती साडी आधी नुसत्या गार पाण्यात, साबण न घालता. पिवळं-तपकिरी पाणी निघेल. ते जुन्या खळीचं आणि कपाटातल्या कागद-लाकडाच्या आम्लाचं असतं. पाणी स्वच्छ येईपर्यंत तीन-चारदा बदला, प्रत्येक वेळी तासभर. निम्मे डाग इथंच जातात आणि कापड मऊ पडतं. मग साबण.

रेशमासाठी आणि रंगीत सुतीसाठी रिठा. बिया काढलेले १० ते १२ रिठे १ लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालायचे, सकाळी चुरून पातळ फडक्यातून गाळायचे. एका साडीला ६ ते ८ लिटर पाण्यात हे पाणी पुरतं. पांढऱ्या धोतराला रिठा वापरू नका, फिकट तपकिरी छटा बसते. तिथं सौम्य साबण बरा.

रेशीम पिळायचं नाही. पंच्यात गुंडाळून दाबायचं आणि सावलीत आडवं पसरायचं. ऊन रेशमाचा जीव घेतं. पांढऱ्या सुतीला मात्र ऊन हवंच.

गंजाच्या डागावर लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवतात, ते सुतीवर चालतं, पण नंतर लिंबू पूर्ण धुऊन निघालं पाहिजे. गंजावर क्लोरीनचं ब्लीच कधीच नको. डाग गडद आणि कायमचा होतो. आणि रेशमावर ब्लीच म्हणजे साडीच विरघळवणं.

निळीतुरपाई

इरकलचा लाल पदर पांढऱ्यात उतरतो. मिठाच्या पाण्यात बुडवली की रंग पक्का होतो ना?

रंगारी

नाही. रंगवताना काही रंगांना मीठ धाग्यात शिरायला मदत करतं, त्यावरून हा समज आला असावा. रंगून झालेल्या आणि सुट्या राहिलेल्या रंगाला मीठ धरून ठेवत नाही. व्हिनेगरचंही सुतीच्या बाबतीत तेच.

ओल्या पांढऱ्या फडक्यानं लाल जागा मिनिटभर दाबून बघा. फडक्यावर रंग आला तर ती साडी घडी घालून भिजवायचीच नाही. भरपूर गार पाण्यात, सतत हलवत, पाच मिनिटांत काढायची. पुन्हा नव्या पाण्यात, पुन्हा बाहेर. रंग पाण्यात गेला तरी चालतो, घडीत साचून शेजारच्या कापडावर बसला की नुकसान. वाळवतानाही लाल भाग पांढऱ्यावर येऊ देऊ नका आणि मध्ये जुनं फडकं ठेवा. तरीही उतरत राहिला तर पदर वेगळा कापा आणि वेगळ्याच वस्तूला वापरा. एकाच कपड्यात उतरणारा लाल आणि पांढरा ठेवायचा हट्ट नको.

बाजारहाट

मिळतं कुठं, असं बरेच जण विचारतात. पुण्यात जुना बाजार बुधवार-रविवारचा. मुंबईत चोर बाजार. घरोघरी फिरून भांड्यांवर कपडे घेणाऱ्या बोहारणींचा माल शेवटी घाऊक बाजारात जातो. दिल्लीतलं रघुवीर नगर अशाच जुन्या कपड्यांसाठी ओळखलं जातं. ओळखीची बोहारीण असेल तर तिला स्पष्ट सांगून ठेवा, की फाटकी असली तरी सुती नऊवारी, इरकल, खणाच्या चोळ्या, धोतरं बाजूला ठेव. तिच्या लेखी फाटकी साडी म्हणजे पुसायचं फडकं. तुम्हाला तिचे काठ हवे असतात.

न वापरलेलं जुनं ठाण मिळालं तर टोकावरचा गिरणीचा छाप कापून फेकू नका. त्यावरून वय कळतं. माप वारात असेल तर ठाण साधारण १९६० च्या आसपासचं किंवा त्याआधीचं. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा आहे, पण बदल हळूहळू झाला. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं, कारण पिनकोड तेव्हा सुरू झाला. सिल्क मार्कची (खऱ्या रेशमाच्या खुणेची) चिठ्ठी असेल तर २००४ नंतरचं. मुंबईच्या गिरणीचं सुती ठाण बहुधा १९८२ च्या संपाआधीचं असतं, कारण संपानंतर बऱ्याच गिरण्या पुन्हा पहिल्यासारख्या उभ्या राहिल्या नाहीत. शिवताना छापाचा तुकडा पिशवीच्या किंवा जाकिटाच्या आतल्या बाजूला लावा. तो त्या कापडाचा दाखला आहे.

धोटा

हातमागाची खूण म्हणून काठावरची बारीक भोकं दाखवतात. विणताना पन्हा (कापडाची रुंदी) ताणून धरणाऱ्या काट्यांची ती भोकं असतात. खूण खरी आहे, पण एकटी पुरत नाही, कारण काही यंत्रमागांवरही तशी भोकं पडतात. मी पैठणीच्या काठाची उलटी बाजू बघतो. हातानं विणलेल्या पैठणीत नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. मागे लांब सुटे धागे लोंबत असतील किंवा कापलेले असतील, तर ती पैठणीच्या नक्षीची जॅकार्ड साडी, म्हणजे नक्षी यंत्रानं उचललेली.

सुईदोरा

जरी खरी की खोटी, हे साडी न जाळता कसं बघायचं?

काठपदर

काठाच्या टोकातून जरीचा एक धागा काढा आणि सुईच्या टोकानं वरची पट्टी खरवडा. खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते आणि वर सोन्याचा मुलामा. खोल खरवडलं तरी पांढरा धातू दिसतो. तांब्याच्या जरीत खाली लालसर तांबं दिसतं. प्लॅस्टिकची जरी खरवडली की पापुद्रा निघतो, आणि ज्योतीशी नेली की वितळते. आतला धागा लाल आहे एवढ्यावर विसंबू नका, लाल धाग्यावर तांब्याची जरीही मिळते.

आणि माझी कळकळीची विनंती. जुनी जरी वजनावर घेणारे लोक चांदीसाठी ती साडी जाळतात. अंग पूर्ण गेलेल्या पैठणीचाही काठ चांगला असू शकतो. तो काढून ठेवा, पण जाळायला देऊ नका.

येवलेकाठ

पैठणी कापावीच का, यावर माझं मत वेगळं आहे. अंग ताकदीचं असेल तर ती साडी म्हणूनच नेसावी. थोडं विरलं असेल तर खालून रेशमी ऑर्गन्झाची पट्टी घालून बारीक समांतर टाक्यांनी धरावी. कापायची फक्त अंग पूर्ण जिरलेली.

कापायचीच तर असं करा. काठाचं आणि अंगाचं विणकाम वेगवेगळ्या धोट्यांनी (आडवा धागा नेणाऱ्या) होतं आणि दोन्हींचे धागे सांध्यात एकमेकांत अडकवलेले असतात. सांध्यावरच कात्री चालवली तर काठ सुटायला लागतो. अंगाचं कापड दीड सेंटिमीटर काठाला राहू द्या. कापायच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना आधी हातानं बारीक धावदोरा घाला, मग मधून कापा. राहिलेलं दीड सेंटिमीटर मागे दुमडून नव्या कापडाला हातशिलाईनं जोडा, मशीनची टीप जरीवरून नेऊ नका. सुई तार तोडते आणि तुटलेलं टोक आयुष्यभर टोचत राहतं.

काठावर फ्युजिंग (इस्त्रीनं चिकटणारं अस्तर) चिकटवू नका, हेही सांगून ठेवतो. गरम इस्त्रीनं गोंद जुन्या रेशमात शिरतो, कापड पुठ्ठ्यासारखं होतं आणि ते परत काढता येत नाही. आधार हवा तर मलमलीचा, टाक्यांनी धरलेला.

काठपदर

येवलेकाठ, सहमत. वरच्या पोस्टमध्ये 'काठ काढून ठेवा' लिहिलं ते अंग गेलेल्या साडीबद्दलच.

उरेबपट्टी

आता बेतणं. साडीत काठ उभ्या धाग्याला समांतर असतो. कुर्त्याच्या घेराला काठ हवा असेल तर कापड आडवं वळवावं लागतं, म्हणजे साडीचा पन्हा हीच कुर्त्याची लांबी. पन्हा साधारण ११० सेंटिमीटर धरला, काठ खाली जसाच्या तसा ठेवला आणि खांद्याला माया (शिवणीसाठी जादा कापड) सोडली, तर ४१-४२ इंची कुर्ता निघतो. त्याहून लांब हवा असेल तर वर वेगळ्या कापडाचा योक जोडा.

आडवं वळवण्याचा एक फायदा आहे. वापरलेल्या साड्यांमध्ये आडवा धागा आधी गेला असेल तर चीर साडीच्या लांबीत जाते. कुर्ता आडवा बेतला की पाठीच्या आणि कमरेच्या रुंदीतला ताण साडीच्या उभ्या, म्हणजे अजून मजबूत धाग्यावर येतो. उभा धागा गेलेला असेल तर उलट, सरळ उभाच बेता आणि काठ बाजूच्या शिवणीला घ्या.

कागदाचे साचे ठेवण्याआधी विरलेल्या जागांभोवती खडूनं गोल करा. मुंढा, पाठीचा मधला भाग, बसण्याची जागा आणि खिशाची तोंडं, या चार जागी विरलेलं कापड येता कामा नये. घेर आणि बाहीची खालची बाजू त्यामानानं सोसते. विरलेल्या साडीत उरेब, म्हणजे तिरकं, कापू नका. उरेब पट्टीला ओढ दोन्ही धाग्यांवर तिरकी येते आणि ती लोंबत जाते. गळ्याला पायपिंग लागलंच तर नव्या मलमलीचं करा.

परकर-पोलक्याला दोन्ही बाजूंना काठ असलेली सहावारी सोन्यासारखी आहे. ११० चा पन्हा मधोमध लांबीत कापला की ५५-५५ सेंटिमीटरचे दोन पट्टे, प्रत्येकाला खाली काठ. चार-पाच वर्षांच्या मुलीचे दोन परकर होतात, प्रत्येकाला अडीच मीटरचा घेर घेतला तरी पदराचा भाग पोलक्याला उरतो. कमरेला २ इंच दुमड जास्त ठेवा, दोन वर्षं परकर सोडता येतो.

टीपवाले

मशीनवर जुनं कापड फाटतं ते बहुतेक वेळा दाट टीपेमुळे. बारीक टीप म्हणजे कापडाला ओळीनं पाडलेली भोकं, तिकिटाच्या दात्यांसारखी. ओढ आली की त्याच रेघेवर फाटतं. टीपेची लांबी ३ मिलिमीटर ठेवा.

सुई नेहमी नवी. रेशमाला आणि मलमलीला ११ नंबर, मध्यम सुतीला १४. बोथट सुई धागा बाजूला सारत नाही, तोडते, आणि जुना धागा तेवढा धक्का सोसत नाही. दोरा सुती, बारीक. पॉलिएस्टरचा दोरा जुन्या सुतापेक्षा मजबूत असतो. ओढ आली की दोरा तुटत नाही, कापड कापलं जातं. सुती दोऱ्यानं शिवण उसवली तर पुन्हा शिवता येते, कापड फाटलं तर येत नाही.

वरच्या दोऱ्याचा ताण कमी करा आणि पायाचा दाबही वरच्या स्क्रूनं सैल करा. पातळ रेशमाखाली पतंगाच्या कागदाची पट्टी घाला, टीप झाल्यावर फाडून काढा. टीप कडेपासून १ सेंटिमीटर आत सुरू करा, नाहीतर दात्यांत कापड ओढलं जातं. सुरुवातीला पुढे-मागे टीप मारून पक्कं करण्याऐवजी दोऱ्याची टोकं लांब सोडा आणि हातानं गाठ मारा.

अस्तर वेगळं लोंबतं ठेवू नका. मलमलीचा तुकडा वरच्या कापडाच्या मापाचा कापून दोन्ही कच्च्या टाक्यांनी एक करा, कडेनं आणि मध्ये तीन-तीन बोटांवर. मग दोन्ही मिळून एकच कापड समजून शिवा. ताण मलमल घेते, जुनी साडी फक्त दिसते. विरलेल्या साडीचा कुर्ता टिकवायचा याहून चांगला मार्ग मला ठाऊक नाही.

बाजूच्या शिवणीला आधी दोन्ही तुकड्यांची चांगली बाजू बाहेर ठेवून ५ मिलिमीटरवर टीप, माया कापून ३ वर आणायची, उलटून ७ मिलिमीटरवर दुसरी टीप. कच्ची कड आत बंद होते आणि धागे सुटत नाहीत.

निळीतुरपाई

खणाच्या जुन्या चोळ्या उसवल्या तर तुकडे अगदी लहान निघतात. त्यांचं काय होऊ शकतं?

उरेबपट्टी

उसवताना मायेचं कापड बघा. जुन्या चोळ्यांत माया सढळ असते आणि ती न विटलेली असते. मायेसकट इस्त्री केल्यावर तुकडा वाटतो त्यापेक्षा मोठा निघतो.

कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या खणात नक्षीचे जादा उभे धागे मागच्या बाजूनं सुटे जातात. ते अंगठीत, बांगडीत अडकतात आणि नक्षी ओढली जाते. म्हणून खण अस्तराशिवाय कधीच नाही. आडवं कापलं की हे धागे टोकाला सुटतात, तिथं कापण्याआधीच टीप मारून घ्या. लहान तुकडे कुंचीच्या कपाळपट्टीला, बटव्याला, बाहीच्या टोकाला शोभतात. बाळाच्या कुंचीत जरीचा किंवा खणाचा भाग कातडीला लागू देऊ नका, आत धुतलेल्या धोतराची मलमलीसारखी मऊ पट्टी घाला.

रिठेवाली

झबल्या-दुपट्यांसाठी धोतरासारखं दुसरं कापड नाही. पांढरं सुती धोतर साबणाच्या पाण्यात १५ मिनिटं उकळून घ्या, कडक उन्हात वाळवा. झबल्याच्या शिवणी बाहेरच्या बाजूला ठेवा आणि बटणांऐवजी आखूड बंद लावा.

वाकळ

गोधडीबद्दल सविस्तर लिहितो, कारण जुन्या साड्यांचा सगळ्यात मोठा वाटा तिथं जातो आणि चुकाही तिथंच जास्त होतात.

नऊवारी साधारण ८.२ मीटर. तिचे २.०५ मीटरचे चार तुकडे करा. दोन-दोन तुकडे लांबीत जोडले की सव्वादोन मीटरच्या आसपास रुंदीचे दोन थर होतात. म्हणजे दोघांच्या गोधडीचे चार थर हवे असतील तर दोन नऊवारी. एकट्याच्या गोधडीला तुकडे जोडायची गरज नाही, एकाच नऊवारीचे चार तुकडे एकावर एक ठेवले की चार थर. खालचा आणि वरचा थर ताकदीचा, विरलेलं सगळं मध्ये. मधल्या थरात भोकं असली तरी चालतात, पण दोन थरांची भोकं एकाखाली एक येऊ देऊ नका. थरांचे सांधेही एकमेकांवर नकोत. चार शिवणींची रेघ एका जागी आली की तिथं कणा तयार होतो, सुई जात नाही आणि झोपताना टोचतो.

सगळे थर आधी धुतलेले हवेत. एक न धुतलेली साडी मध्ये गेली तर पहिल्या धुण्यात ती एकटीच आटते आणि सगळी गोधडी सुरकुतते. पॉलिएस्टरच्या साड्या सुतीच्या मध्ये घालू नका. त्या आटत नाहीत, घसरतात, आणि टाक्यांच्या मध्ये फुगे येतात. घाम न टिपल्यामुळे गोधडी उकडते ते वेगळंच. पॉलिएस्टर भरपूर असेल तर त्याची वेगळी गोधडी करा, अंथरायला.

थर जमिनीवर पसरा, मधून कडेकडे हात फिरवत सुरकुत्या बाहेर काढा. लांब कच्च्या टाक्यांनी वीतभर अंतरावर उभं-आडवं बांधून घ्या. हे टाळलं की शेवटी एका कोपऱ्यात दोन बोटं जादा कापड जमतं. कड दुमडून बाहेरून आत धावदोरा घालत जा, ओळीत बोटभर अंतर, टाका ६ ते ८ मिलिमीटर. सुईवर एका वेळी चार-पाच टाके भरा, मग ओढा. दोरा एक हातापेक्षा लांब घेऊ नका, जुन्या कापडातून सारखा ओढला गेल्यानं तो विरतो. ओढ सारखी ठेवा. घट्ट ओढलेला दोरा धुतल्यावर तुटतो, सैल दोरा बोटात अडकतो.

कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी (आफ्रिकी वंशाच्या) बायकांची कवंदी, म्हणजे गोधडी, बघण्यासारखी असते. खाली अखंड साडी, वर रंगीत तुकडे, आणि कडेपासून आत आत जात शिवत आणलेली. चारही कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची 'फुला' लावतात. तुकडा आधी जोडून मग थर करण्यापेक्षा, शिवतानाच तुकडा कड दुमडून ठेवत जाण्याची ती पद्धत लहान-मोठ्या चिंध्यांना फार सोयीची आहे. माप आधी ठरवावं लागत नाही.

सुईदोरा

बाजारातून आणलेल्या कपड्यांतून ढेकूण, कसर घरात येईल अशी भीती वाटते.

रिठेवाली

आणल्या दिवशी कपाटात ठेवू नका. धुता येण्यासारखं असेल ते लगेच भिजवा. धुता न येणारी जरीची साडी प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस तशीच राहू द्या, नाहीतर गार कापडावर पाणी धरतं.

ठेवताना खळ पूर्ण काढलेली हवी. कसर खळीवर येते. डांबराच्या गोळ्या जरीजवळ नकोत. रबरबँड, लोकर आणि अत्तर चांदीची जरी काळी करतात. धुतलेल्या मलमलीत गुंडाळा आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या जागी घाला. रेशीम घडीवरच फाटतं.

निळीतुरपाई

शेवटचा प्रश्न. इरकलच्या अंगावर कसुतीचं भरतकाम आहे. पदर आणि अंग जिथं मिळतं तिथं एक बारीक रेघ दिसते. तिथून कापू का?

धोटा

त्या रेघेवर कापू नका. इरकलमध्ये अंगाचा ताणा (उभे धागे) आणि टोप पदराचा ताणा वेगळे असतात, आणि ते मागावर फासे अडकवून जोडलेले असतात. त्याला टोप तेणी म्हणतात. रेघ म्हणजे तो जोड. तिथं कापलंत तर फासे सुटून दोन्ही बाजूंचे धागे निघायला लागतील. पदराच्या बाजूला ३ सेंटिमीटर सोडून कापा, म्हणजे जोड अंगाला राहील. कपड्यात तो जोड ताणाच्या जागी घेऊ नका. घ्यावाच लागला तर मागून बोटभर रुंदीची मलमलीची पट्टी हातानं टाचा.

कसुती उसवू नका आणि तिच्यावर थेट इस्त्रीही फिरवू नका. उलटी करून, जाड टॉवेलवर, ओलसर फडकं ठेवून दाबा. कसुती धागे मोजून भरलेली असते, तेव्हा बेतताना नक्षी शिवणीत अर्धी जाणार नाही असा साचा सरकवून घ्या. त्यासाठी कुर्ता दोन इंच आखूड झाला तरी चालेल.

निळीतुरपाई

पदराच्या बाजूला ३ सेंटिमीटर. खडूची रेघ मारून ठेवली.